आमची वाटचाल: उभ्या गाड्यांचं गॅरेज

आबांनी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर या औद्योगिक वसाहतीलगत गॅरेज टाकलं तेव्हा दारात यायच्या त्या जावा, येझदी, राजदूत आणि बुलेट. दूधवाले, ऊस उत्पादक, साखर कारखान्याचे, ऊसतोडीच्या पावत्या देणारे स्लिपबॉय यांच्या या रोजच्या गाड्या. १९९६ साली म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना बंद पडला. तोवर कमी पेट्रोल खाणाऱ्या शंभर सीसीच्या गाड्या घरोघरी पोचल्या होत्या. जावा-येझदी एकेक करून गोठ्यात, जिन्याखाली, पत्र्याच्या शेडमध्ये गेल्या.

बरीच गॅरेजं नव्या गाड्यांकडे वळली. आबांनी जुने स्पेअर साठवून ठेवले. जे मिळेना ते बुश, पिन, स्लीव्ह शेजारच्या लेथवर करून घेता येत होतं. उद्यमनगर उशाला नसतं, तर हा धंदा टिकला नसता, असं मला आजही वाटतं.

नोव्हेंबर २०१८ मध्ये जावा हे नाव बाजारात परत आलं, जानेवारी २०२२ मध्ये येझदीही. त्यानंतर ‘वडिलांची गाडी आहे, चालू होईल का?’ असे फोन वाढले. आता आमचं मुख्य काम हेच.

गाडी आली त्या दिवशी आम्ही किक मारत नाही. गिऱ्हाईकाला आवाज ऐकायची घाई असते आणि ती मला समजते. पण वर्षानुवर्षं उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा गंजून ब्लॉकला धरलेल्या असतात. जोर लावला तर रिंग तुटते, ब्लॉकला ओरखडे पडतात आणि वाचणारं इंजिन रिबोअरला, म्हणजे ब्लॉक आतून कातून घ्यायला जातं. म्हणून आधी प्लग काढून आत पातळ ऑइल सोडायचं आणि थांबायचं. मग गाडी टॉप गिअरला टाकून मागचं चाक हातानं हळूहळू पुढे-मागे हलवायचं. पिस्टन सुटला की हाताला लगेच कळतं.

जावा-येझदीत खरी मेख ऑइल सीलची, म्हणजे क्रँकच्या टोकांवरच्या रबरी कड्यांची. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कप्प्यातून वर जातं. वाळलेल्या सीलमधून बाहेरची हवा आत शिरली की मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, इंजिन आपोआप रेस घेतं, तापतं आणि पिस्टन जाम होतो. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअर ऑइल आत ओढलं जातं आणि दोन्ही सायलेन्सर पांढरा धूर ओकतात. गाडी चालू झाली म्हणून लोक खूश होतात आणि तशीच पळवतात. आम्ही सील बदलल्याशिवाय गाडी सोडत नाही, मग पैशावरून वाद झाला तरी चालेल. ठिणगी पाडणारे पॉइंट घासणं, कार्बोरेटरचे जेट मोकळे करणं, सायलेन्सरमधलं कुंभारमाशीचं घर काढणं ही त्या मानानं सोपी कामं.

जुन्या बुलेटची तऱ्हा वेगळी. तिचं ऑइल इंजिनातल्याच वेगळ्या कप्प्यात असतं. गाडी फार दिवस उभी राहिली की ते झिरपून क्रँकखाली साठतं, ते आधी काढावं लागतं. मग अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आणायचा, इंजिनातला दाब सोडणारा डीकॉम्प्रेसरचा लिव्हर ओढून किक जराशी पुढे सरकवायची, लिव्हर सोडायचा आणि एकच पूर्ण किक. आमच्याकडची पोरं आधी हे शिकतात, पाने नंतर हाती घेतात.

क्रोम आणि रंगाचा आग्रह धरणाऱ्यांना मी आधी थोपवतो. कारखान्यातून आलेला रंग, मूळ पट्टे आणि जुना स्पीडोमीटर एकदा गेले की परत येत नाहीत.

कागदपत्रांत आम्ही मदत करतो, पण बेत गिऱ्हाईकानं आधी ठरवावा. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाडीची ‘व्हिंटेज’ नोंदणी होते. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरणाला ५,००० रुपये. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशाच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. वडिलांच्या गाडीवरून रोज कामावर जायचं असेल, तर ही वाट धरू नये.

अलीकडे एक काम नव्यानं वाढलंय. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल हवेतला ओलावा धरतं, गाडी उभी राहिली की पाणी टाकीच्या तळाशी बसतं आणि जुन्या रबरी नळ्या फुगतात. म्हणून गाडी परत देताना पेट्रोलची नळी आणि टाकीखालच्या कॉकचे वायसर आम्ही बदलूनच देतो. पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल, तर टाकी आणि कार्बोरेटरची वाटी रिकामी करून टाकीत थोडं ऑइल फिरवून ठेवा. ते कसं करायचं, हे गाडी न्यायला याल तेव्हा आम्ही दाखवतो.