कृष्णाचा सिनेमा आणि बासरी नाही?

दादासाहेब फाळक्यांच्या ‘कालिया मर्दन’ या मूकपटाला पेटी-तबल्याची साथ करून उठलं की कुणीतरी विचारतंच: “अहो, कृष्णाचा सिनेमा, आणि बासरी नाही?” तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगतो.

आधी व्यवहाराचं. हार्मोनियमचे सूर पक्के असतात. बासरी थंड हवेत उतरते. एसीत पंधरा मिनिटं गप्प बसलेल्या बासरीचा पहिला सूर पेटीच्या खालीच लागतो. शालीत गुंडाळून ठेवा, आवाज न करता ऊब फुंका, असं सुचवलं जातं. तेही करून होतं, पण पुरत नाही. तबल्याचं उलटं: कोरड्या हवेत पुडी, म्हणजे वरचं चामडं, ताणली जाते, सूर चढतो. म्हणून हॉल थंड झाल्यावरच तबला लावायचा.

पण खरं कारण हे नाही. १९१९च्या या सिनेमात फाळके सुरुवातीला देव दाखवतच नाहीत. सात वर्षांच्या मुलीचा मुद्राभिनय अशी पाटी येते आणि मंदाकिनीचा, म्हणजे कृष्ण झालेल्या फाळक्यांच्या मुलीचा, नुसता चेहरा दिसतो, त्यावरचे भाव बदलत जातात. तिथे बासरी वाजली की देव आधीच येऊन बसतो आणि ती मुलगी दिसेनाशी होते. मला ती दिसायला हवी.

आता कालियाची झुंज. सगळा कस तिथे लागतो. कृष्ण यमुनेत उडी मारतो. मग पाण्याखालची मारामारी आणि काठावरचं कासावीस गाव आलटून पालटून येतं. दर कटला संगीत बदललं तर चिंध्या होतात. सलग द्रुत ठेवलं तर काठावर माणसं रडत असताना तबला कडाडत राहतो. म्हणून उडीपासून कृष्ण वर येईपर्यंत पेटीवर खालचा सा धरून ठेवायचा, भाता तुटू द्यायचा नाही. पाण्याखाली फक्त डग्गा, म्हणजे तबल्याच्या जोडीतला खर्जाचा, तोही मींड काढत, सूर घसरवत. काठ दिसला की हात वर. लय मनात चालूच ठेवायची, म्हणजे पुन्हा पाण्यात शिरताना ती मधूनच उचलता येते. नागपत्नी हात जोडतात तिथे डग्गाही बंद.

उडीवर सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, गाठायचा मोह प्रत्येक तबलजीला होतो. पण तिहाई, म्हणजे तोच बोल तीनदा वाजवून समेवर येणं, सुरू केली की पुरी करावी लागते, आणि चित्र समेसाठी थांबत नाही. शिवाय वेग: ३५ मिमीचं हजार फुटांचं रीळ सेकंदाला १६ फ्रेमने पावणेसतरा मिनिटं चालतं, २४ने जेमतेम अकरा. तेव्हा वहीत मिनिटं लिहून उपयोग नाही. चित्र लिहायचं, आणि जिथे बदल करायचा त्याच्या आधीचं चित्र. बदलाचंच लिहिलं तर हात उशिरा पडतो.

पूर्वी मी म्हणायचो, शेवटपर्यंत बासरी नको. आता तेवढं ठाम म्हणवत नाही. कृष्ण वर येतो, गावाला दिसतो, तिथे एक लांब सूर शोभेल. पण तोवर बासरी गारठलेली असणार, आणि धरलेला सा तर पेटीचा. पेटी आधी थांबवली तर झुंजीचा धागा तुटतो. नाही थांबवली तर दोन सूर एकमेकांना चावतात. यावर आमच्यात अजून वाद चालू आहे.