पाणी लहान करता येत नाही

इंग्लंडमध्ये राहायला आल्यापासून इथल्या बागांमधल्या एका गोष्टीने मला वेड लावलंय. खास मॉडेल बोटी सोडण्यासाठी बांधलेली उथळ तळी! लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये तर वाफेवरच्या मॉडेल बोटींचा क्लब १९०४ सालापासून आहे. आमच्या भागातलं तळं एवढं नावाजलेलं नाही, पण सुट्टीच्या सकाळी काठावर बोटींची रांग लागलेली असते. ते बघूनच मी टगचं किट मागवलं. टग म्हणजे बंदरात मोठ्या जहाजांना ओढणारी ती बुटकी, दणकट बोट.

किटचा डबा उघडला की आत बोटीसारखं काहीच दिसत नाही. लेझरने कापलेल्या प्लायवूडच्या चकत्या, लाकडाच्या लांब पातळ पट्ट्या, डेकवरचं बारीकसारीक सामान आणि भलामोठा नकाशा. मोटर, बॅटरी, काठावरून बोट चालवायचा रेडिओ हे सगळं वेगळं घ्यावं लागतं. सपाट फळीवर कणा आणि आडव्या फ्रेम्स उलट्या उभ्या करायच्या आणि त्यावर एकेक पट्टी चिकटवत जायचं. एक पट्टी डावीकडे लावली की लगेच तिची जोडीदार उजवीकडे. एकाच बाजूच्या पट्ट्या लावत सुटलं तर गोंद सुकताना सगळा सांगाडा पिळवटतो, आणि तशी बोट पुढे कधीच सरळ चालत नाही. पुढच्या टोकाकडे येताना बोट निमुळती होते, म्हणून प्रत्येक पट्टी तासून अरुंद करावी लागते आणि पाण्यात भिजवून वाकवावी लागते. हे काम मला इतकं आवडलं की मी ते मुद्दाम रेंगाळत केलं. नंतर घासकाम, आणि बाहेरून काचतंतूचं पातळ कापड व रेझिन. रेझिनचा हात आतूनही फिरवायचा, कारण थोडंफार पाणी आत येतंच.

मोटर बसवताना घाई चालत नाही. मोटरचा दांडा आणि प्रोपेलरचा, म्हणजे पाण्यातल्या पंख्याचा, शाफ्ट अगदी एका रेषेत हवेत. बोटाने शाफ्ट फिरवून बघायचा. कुठेही न अडकता फिरला, तरच मोटरचं बूड पक्कं चिकटवायचं. रेषा जराशी जरी चुकली तरी बोट घरघरते, बॅटरी लवकर उतरते आणि या दोघांना जोडणारं कपलिंग झिजतं.

आता मला मनापासून सांगायची आहे ती गोष्ट. बोट लहान करता येते, पाणी लहान करता येत नाही. माझी टग १:३६ या प्रमाणात आहे, म्हणजे २४ मीटरची खरी टग इथे जेमतेम ६७ सेंटिमीटर. पण वजन लांबीच्या घनाने कमी होतं. दोनशे टनांची टग या मापात साधारण सव्वाचार किलोंची व्हायला हवी. नुसतं लाकूड आणि मोटर मिळून एवढं वजन होतच नाही. म्हणूनच टगवाले अजून जुन्या पद्धतीची सहा व्होल्टची जड शिशाची बॅटरी पसंत करतात: ऊर्जाही तिचीच, वजनही तिचंच. उरलेलं वजन शिशाच्या तुकड्यांनी भरायचं, तेही जितकं तळाशी जाईल तितकं. हे मी घरच्या बाथटबमध्ये केलं. एक तुकडा ठेवायचा, खाली वाकून बोटीवर रंगवलेली पाण्याची रेषा पाण्याला समांतर आहे का बघायचं, तुकडा बोटभर मागे सरकवायचा, पुन्हा बघायचं. टग मागच्या बाजूला किंचित बसलेली असली की प्रोपेलर पाण्यात नीट बुडतो.

वेगाचा हिशेब आणखी सुंदर आहे, आणि तो याच देशात लागला. विल्यम फ्रूड या अभियंत्याने १८७२ मध्ये टॉर्कीला आपल्या घराशेजारी लांबलचक हौद बांधला आणि त्यात पॅराफिन मेणाची जहाजं ओढून बघितली. लाटांचा नमुना खऱ्यासारखा हवा असेल तर वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घ्यावा लागतो, हा त्याचा नियम. ३६ चं वर्गमूळ सहा. खरी टग दहा नॉट्सने, म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटरने जात असेल, तर माझी ताशी तीन किलोमीटरने जायला हवी. काठाने आरामात चालणाऱ्या माणसापेक्षाही हळू. त्या वेगाला पुढच्या टोकाशी पांढरी मिशी फुटते, मागे लाटांची शेपूट पसरते आणि टग खरी वाटायला लागते. थ्रॉटल दाबून पळवली की तीच बोट नाक वर करून धावतं खेळणं होते. मला ते बघवत नाही.

रेडिओचं काम आता फार सोपं झालंय. पूर्वी २७ किंवा ४० मेगाहर्ट्झवर दोघांची वारंवारता एक झाली की एकाची बोट दुसऱ्याचं ऐकायची, म्हणून कोणती वारंवारता कोणाकडे आहे ते काठावरच्या फळीवर खुंट्या लावून ठरायचं. आताचे २.४ गिगाहर्ट्झचे संच आपापसात गोंधळत नाहीत. मात्र या लहरी पाण्यात चटकन शोषल्या जातात, त्यामुळे बोटीतल्या रिसीव्हरची अँटेना पाण्याच्या रेषेच्या वर, डेकच्या खाली उभी लावायची. सिग्नल तुटला तर मोटर बंद पडेल असा फेलसेफही घरीच तपासून घ्यायचा.

उन्हाळ्यात तळ्यात शेवाळाचे धागे माजतात आणि प्रोपेलरला गुंडाळतात. अडकलेली मोटर खूप करंट ओढते. बॅटरीच्या तारेत फ्यूज असेल तर फक्त फ्यूज जातो. मग बोट तळ्याच्या मध्यावर थांबते. त्यासाठी क्लबवाल्यांकडे मासेमारीच्या दोरीला बांधलेला टेनिसचा चेंडू असतो. तो बोटीच्या पलीकडे फेकायचा आणि दोरी तिला वेढा घालेल अशा बेताने हळूहळू ओढून घ्यायची.

पहिल्यांदाच बांधणार असाल तर शर्यतीच्या बोटीच्या मोहात पडू नका, टगच घ्या. पोट खोल असल्याने आत हात सहज जातो, वजन जास्त असल्याने वाऱ्याला ती दबत नाही, आणि दोर अडकवून ओढायचा हूक साधारण मध्यावर बसवलात तर दुसऱ्याची बंद पडलेली बोट काठाला आणायलाही ती उपयोगी पडते.