माझा अनुभव: माल दुसऱ्याचा, मजुरी आमची आणि फ्रापे फ्रेमवर्क

कोल्हापुरात फौंड्री आणि मशीन शॉप हे जोडीनं चालणारे धंदे. फौंड्री कास्टिंग ओतते, मशीन शॉप त्यावर टर्निंग, बोअरिंग, ड्रिलिंग करून माल परत पाठवतं. अशाच एका मशीन शॉपमध्ये मी हिशेब बघतो. शिक्षण बीकॉम. पायथन मी आवडीनं शिकलो होतो, पण त्यात एक्सेलच्या फायली जोडण्यापलीकडे फारसं काही केलेलं नव्हतं. वेब फ्रेमवर्क, म्हणजे वेब ॲप बांधायचा तयार सांगाडा, शिकायची वेळ आली ती जॉबवर्कच्या, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर मजुरीनं केलेल्या कामाच्या, रजिस्टरमुळे.

आमच्याकडे येणारा माल आमच्या मालकीचा नसतो. फौंड्री चलनावर, म्हणजे मालासोबतच्या कागदावर, दोनशे नग पाठवते. ते एकदम परत जात नाहीत. आज ऐंशी, परवा पन्नास, मध्येच दुसऱ्या चलनातले तीस, असं चालतं. त्यातले काही सीआर निघतात, म्हणजे कास्टिंगमध्येच ब्लो होल (आतली पोकळी) असतो आणि तो टूल लागल्यावर उघडा पडतो. काही एमआर निघतात, म्हणजे मशीनिंग करताना आमच्याकडून माप गेलेलं असतं. सीआरचा भार फौंड्रीवर, एमआरचं डेबिट आमच्यावर. हे दोन आकडे एकत्र झाले की महिनाअखेरीला भांडण ठरलेलंच. त्यात जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत जायला हवा. नाही गेला, तर तो पाठवला त्या दिवशीच विकला असं धरलं जातं आणि कर फौंड्रीच्या अंगावर येतो. फौंड्रीला जॉबवर्कच्या मालाचं आयटीसी-०४ हे जीएसटी विवरणपत्रही भरावं लागतं. उलाढाल पाच कोटींच्या वर असेल तर सहा महिन्यांनी, नसेल तर वर्षातून एकदा. त्यासाठी त्यांचे अकाउंटंट आम्हाला विचारतात: आमच्या कुठल्या चलनातला माल तुमच्या कुठल्या चलनानं परत आला? एक्सेलमध्ये या प्रश्नाचं उत्तर शोधायला दिवस जायचा.

तयार सॉफ्टवेअर पाहिली. बहुतेक सगळी माल पाठवणाऱ्याच्या बाजूनं लिहिलेली असतात. माल घेणाऱ्या जॉबवर्करला लागतं ते रजिस्टर साधं असलं तरी वेगळं असतं. शोधता शोधता ईआरपीनेक्स्ट या ईआरपीपर्यंत, म्हणजे धंद्याचा सगळा कारभार एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरपर्यंत, पोचलो आणि कळलं की ते फ्रापे नावाच्या फ्रेमवर्कवर उभं आहे आणि ते फ्रेमवर्क स्वतंत्रपणेही वापरता येतं. दोन्ही मुंबईतली, ऋषभ मेहता यांनी सुरू केलेली आणि मुक्त स्रोत. फ्रेमवर्कचा परवाना एमआयटी, ईआरपीनेक्स्टचा जीपीएल. आपल्याला आख्खं ईआरपी नको, त्याच्या पायावर छोटं ॲप हवं, हे मी तेव्हाच ठरवलं. आजही मला तो निर्णय बरोबर वाटतो.

बसवण्याबद्दल थोडक्यात. विंडोजवर फ्रापे थेट चालत नाही. मी डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) उबुंटू हे लिनक्स घेतलं, त्यात पायथन, जावास्क्रिप्ट चालवणारं नोड, मारियाडीबी हा डेटाबेस, तात्पुरती माहिती आणि कामांची रांग ठेवणारं रेडिस आणि शेवटी बेंच हे कमांडचं साधन. मारियाडीबीच्या कॉन्फिग फायलीत अक्षरसंचाच्या ओळी नीट घातल्या की नवी साइट बिनतक्रार तयार होते. ‘बेंच स्टार्ट’ म्हटल्यावर वेब सर्व्हर, रेडिस, मागे काम करणारे वर्कर, वेळापत्रक सांभाळणारा शेड्युलर असं सगळं एकाच खिडकीत धावायला लागतं आणि ८००० पोर्टवर साइट उघडते. या खिडकीतला प्रत्येक प्रकार कशासाठी आहे ते त्याच वेळी समजून घ्या. पुढे मेल गेला नाही किंवा स्क्रीन आपोआप बदलली नाही, तर नेमकं कुठे बघायचं ते कळतं.

फ्रापेच्या कागदपत्रांत शिकण्यासाठी ग्रंथालयाचं उदाहरण दिलं आहे: पुस्तकं, सभासद, सभासदत्व, देवघेव. ते गाळू नका, हातानं टाइप करत पूर्ण करा. मी ते करताना पुस्तकाच्या जागी कास्टिंग आणि सभासदाच्या जागी फौंड्री धरत गेलो. देवघेवीचा भाग आला तेव्हा आपलं रजिस्टर समोर दिसायला लागलं.

आता डॉकटाइप. फ्रापेत सगळं इथून सुरू होतं. डॉकटाइप म्हणजे एका प्रकारच्या कागदाचं पूर्ण वर्णन. त्यात कोणते रकाने, कुठला सक्तीचा, कुठला दुसऱ्या यादीतून निवडायचा, क्रमांक कसा पडणार, कोणाला बघता येणार, कोणाला बदलता येणार, सगळं येतं. हे एकदा भरलं की डेटाबेसमधलं टेबल, भरायचा फॉर्म, यादी, शोध, छपाई आणि बाहेरून माहिती घ्यायचे मार्ग फ्रेमवर्क स्वतः तयार करतं. २००५ मध्ये या कामाला सुरुवात झाली तेव्हा त्यामागे सिमेंटिक वेबची कल्पना होती: माहिती पडद्यावर कशी दिसते याआधी ती कशाबद्दल आहे हे सांगावं. हिशेबाच्या माणसाला हा क्रम लगेच पटतो. आम्हीही आधी खातं उघडतो, मग त्यात नोंद करतो.

माझे पहिले डॉकटाइप होते आवक चलन आणि जावक चलन. आवक चलनात फौंड्रीचं नाव मी लिंक प्रकारचं ठेवलं, म्हणजे ते पार्टीच्या यादीतूनच निवडावं लागतं. एक्सेलमध्ये एकाच फौंड्रीची नावं तीन-चार प्रकारे लिहिलेली होती. इथे नावात दुरुस्ती करायची तर त्या नोंदीचं नाव एकदा बदलायचं, जिथे जिथे ती जोडलेली आहे तिथे फ्रेमवर्क स्वतः बदल करतं. जावक चलनात चाइल्ड टेबल, म्हणजे कागदाच्या आतलं ओळींचं टेबल, घेतलं. त्याची प्रत्येक ओळ सांगते: कुठलं आवक चलन, कुठला पार्ट, किती ओके, किती सीआर, किती एमआर, किती मशीन न करताच परत. आयटीसी-०४ चा प्रश्न या एका टेबलातच सुटला. प्रश्न नीट ऐकला होता म्हणून टेबल नीट पडलं असं मी म्हणेन. फ्रापे शिकवणाऱ्या व्हिडिओंत हा भाग नसतो.

हे करताना डेव्हलपर मोड, म्हणजे ॲप बनवणाऱ्यासाठीची सेटिंग, चालू ठेवा. त्याशिवाय तुमचा डॉकटाइप फक्त त्या साइटच्या डेटाबेसमध्ये राहतो. मोड चालू असेल तर त्याचं वर्णन जेसन फाइल म्हणून ॲपच्या फोल्डरमध्ये उतरतं, गिटमध्ये (कोडमधले बदल जपणारं साधन) ठेवता येतं आणि दुसऱ्या साइटवर ‘बेंच मायग्रेट’ म्हटलं की जसंच्या तसं उभं राहतं.

सगळ्यात जास्त वेळ मी दिला तो सबमिट, म्हणजे कागद पक्का करणं, या कल्पनेला. फ्रापेत प्रत्येक कागदाला डॉकस्टेटस नावाचा आकडा असतो. ० म्हणजे मसुदा, १ म्हणजे पक्का झालेला, २ म्हणजे रद्द. पक्का झालेला कागद बदलता येत नाही. चूक असेल तर रद्द करायचा आणि अमेंड करून नवा काढायचा. नव्याला जुनाच क्रमांक मिळतो, पुढे -१ लागतं. माझ्या प्रोग्रामर मित्राला हे जाचक वाटलं. मी आमच्या स्टोअरच्या मामांना विचारलं, ‘मामा, चलन चुकलं तर तुम्ही काय करता हो?’

‘खोडायचं न्हाई. आडवी रेघ मारायची, रद्द लिवायचं, सही करायची आन् दुसरं फाडायचं. रद्द झालेलं बुकातच ऱ्हायला पायजे. उद्या कुणी नंबर इचारला तर काय सांगायचं?’

फ्रेमवर्क नेमकं हेच करतं. मामांना मी स्क्रीनवर रद्द केलेलं चलन लाल खुणेसह दाखवलं तेव्हा त्यांना काहीही समजवावं लागलं नाही. यातून मला धंद्याच्या सॉफ्टवेअरबद्दल एक गोष्ट ठामपणे कळली: कागद कधी पक्का होतो, कोणाच्या सहीनं होतो आणि त्यानंतर त्यातलं काय बदलू द्यायचं, हे तीन प्रश्न कोड लिहिण्याआधी सुटले पाहिजेत. आमच्याकडे गाडी नंबर अनेकदा माल भरल्यावर कळतो, म्हणून त्या एकाच रकान्याला सबमिटनंतर बदलायची मुभा दिली. नगांना नाही. आवक चलनाविरुद्ध एखादं पक्कं जावक चलन असेल, तर ते आवक चलन फ्रापे परस्पर रद्द होऊ देत नाही, आधी जावक सोडवावं लागतं. हे संरक्षण मला एक ओळही न लिहिता मिळालं.

क्रमांकाची गोष्ट इथेच सांगतो, कारण ती जीएसटीशी जोडलेली आहे. नियम ५५ प्रमाणे चलनाचा क्रमांक सलग हवा आणि सोळा अक्षरांपेक्षा मोठा नको. लांबलचक उपसर्ग, चार अंकी वर्ष आणि पाच अंक घेतले की ही मर्यादा कधी ओलांडली ते कळतही नाही. मी ‘जेडब्ल्यू’, दोन अंकी वर्ष आणि पाच अंक अशी मालिका ठेवली. अमेंडची शेपटी धरूनही ती मर्यादेत बसते. क्रमांक मसुदा सेव्ह करतानाच पडतो, सबमिटच्या वेळी नाही. त्यामुळे मधला एखादा मसुदा कोणी डिलीट केला तर मालिकेत खड्डा पडतो. म्हणून डिलीटची परवानगी मी सगळ्यांकडून काढून घेतली, स्वतःकडूनही.

शिल्लक कशी ठेवायची यावर मी बराच विचार केला. एक मार्ग असा की आवक चलनावरच ‘शिल्लक नग’ असा रकाना ठेवायचा आणि जावक पक्कं झालं की वजा, रद्द झालं की अधिक करायचं. त्यासाठी कोडमध्ये ऑन सबमिट आणि ऑन कॅन्सल या जागा आहेत. दुसरा मार्ग, शिल्लक कुठेच न साठवता दर वेळी पक्क्या जावक चलनांवरून मोजायची. मी दुसरा घेतला. आमच्या आकाराच्या शॉपला मोजायला क्षणही लागत नाही आणि रजिस्टर व शिल्लक यांत फरक पडण्याची शक्यताच उरत नाही. मोठ्या कारखान्याला कदाचित पहिला मार्ग घ्यावा लागेल.

तपासणी मात्र सर्व्हरवरच हवी, म्हणजे डॉकटाइपच्या पायथन फायलीतल्या व्हॅलिडेट या फंक्शनमध्ये, जे कागद सेव्ह होण्याआधी चालतं. ओके, सीआर, एमआर आणि न मशीन केलेले मिळून शिल्लकीपेक्षा जास्त होत असतील तर तिथेच थांबवायचं. ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट फक्त सोयीसाठी: आवक चलन निवडलं की शिल्लक समोर दिसावी, बेरीज चालता चालता व्हावी. डेटा फॉर्ममधून येईल, एक्सेल आयातीतून येईल, उद्या मोबाइल ॲपमधून येईल. व्हॅलिडेट या तिन्ही वाटांवर उभं असतं, फॉर्मची स्क्रिप्ट फक्त पहिल्या वाटेवर. मसुद्याला लागणारी तपासणी सबमिटच्या वेळी पुन्हा होते. त्यामुळे दोघांनी एकाच शिल्लकीवर दोन मसुदे केले तरी पहिला पक्का झाल्यावर दुसरा अडतो.

परवानग्यांमध्ये दोन बारकावे लक्षात ठेवा. मजुरीचा दर स्टोअरला दिसू नये अशी मालकांची अट होती. त्यासाठी वेगळा डॉकटाइप लागत नाही. त्या रकान्याची परमिशन लेव्हल १ करायची आणि ती पातळी फक्त हिशेबाच्या भूमिकेला द्यायची. दुसरा बारकावा कोडमधला. नोंदींची यादी मागवायला गेट लिस्ट आणि गेट ऑल अशा दोन वाटा आहेत. दिसायला जुळ्या, पण गेट लिस्ट वापरणाऱ्याच्या परवानग्या पाळते, गेट ऑल पाळत नाही. मागच्या पडद्याआडच्या कामाला गेट ऑल ठीक, माणसाला दाखवायच्या यादीला गेट लिस्टच.

मराठीचंही सांगायला हवं. रकान्यांची मूळ नावं मी इंग्रजी ठेवली आणि लेबलं ट्रान्सलेशन नावाच्या डॉकटाइपमध्ये मराठीत भरली. ज्याची भाषा मराठी निवडलेली आहे त्याला ‘आवक चलन’, ‘शिल्लक’, ‘परत पाठवले’ असं दिसतं. मामांनी पहिल्या आठवड्यात फोन केला तो गाडी नंबरबद्दल, भाषेबद्दल नाही.

वर्षाच्या मुदतीसाठी शेड्युलर वापरला. हुक्स या ॲपच्या सेटिंगच्या फायलीत रोज चालणारं एक फंक्शन नोंदवलं. मुदत जवळ आलेली आणि शिल्लक असलेली आवक चलनं ते शोधतं आणि मला व फौंड्रीच्या अकाउंटंटना मेल करतं. जिग, फिक्स्चर, डाय यांना कायद्यात ही मुदत नाही, म्हणून पार्टच्या यादीतच तशी खूण ठेवली आहे. नव्या सर्व्हरवर शेड्युलर चालू आहे ना, हे मुद्दाम बघा. तो बंद असला तरी बाकी सगळं व्यवस्थित चालत असतं.

अडल्यावर मी सगळ्यात जास्त वाचलं ते ईआरपीनेक्स्टचं मूळ कोड. डिलिव्हरी नोट किंवा स्टॉक एंट्रीची फाइल उघडायची आणि त्यांनी व्हॅलिडेटमध्ये काय केलंय, कॅन्सलमध्ये काय केलंय ते बघायचं. हिशेब माहीत असलेल्या माणसाला ते कोड वाचता येतं, कारण त्यातले शब्द ओळखीचे असतात. पायथन जुजबी असलं तरी चालेल, धंद्याचा कागद मात्र पाठ हवा.

बिलं अजून टॅलीतच निघतात आणि ती हलवायची मला घाई नाही. पुढचं काम फौंड्र्यांना त्यांचं त्यांचं रजिस्टर थेट दाखवायचं आहे, यूझर परमिशन (कोणाला कुठल्या नोंदी दिसाव्यात याची मर्यादा) लावून, म्हणजे एकीला दुसरीचा एकही नग दिसणार नाही. त्याच्या चाचण्या सध्या वेगळ्या साइटवर चालू आहेत, खऱ्या डेटाचा बॅकअप तिथे उतरवून.