उत्तरेकडचे समुद्र गोठतात तेव्हा

समुद्राचे खारे पाणी साधारणपणे उणे १.८ अंश सेल्सिअसला गोठते. परंतु नुसती थंडी पडली की बर्फ धरतो असे नाही, कारण वाऱ्याची दिशा आणि पाण्यात उन्हाळ्यापासून मुरलेली उष्णता यांचाही त्यात मोठा वाटा असतो. सुरुवातीला पाण्यात सुईसारखे बारीक स्फटिक तरंगू लागतात, पृष्ठभागावर तेलकट तवंगासारखी करडी झाक येते आणि गोठताना बाहेर पडलेले मीठ खालच्या पाण्यात उतरते. मला ही अवस्था सर्वांत विलक्षण वाटते. पुढे त्यावर हिम पडले की ते दुलईसारखे उष्णता अडवते आणि बर्फाची जाडी वाढण्याचा वेग उलट मंदावतो.

नॉर्वे आणि रशियाच्या उत्तरेकडील बेरेंट्स समुद्रात अटलांटिकचे उबदार पाणी शिरत असल्यामुळे त्याचा मोठा भाग ऐन हिवाळ्यातही मोकळा राहतो. अलास्का आणि रशिया यांच्यामधल्या बेरिंग समुद्रात २०१८ च्या हिवाळ्यात दक्षिणेकडून आलेल्या उबदार वाऱ्यांनी बर्फ इतका मागे रेटला, की त्याचे क्षेत्र तोपर्यंतच्या उपग्रह-नोंदींतील नीचांकी ठरले. एखादा हिवाळा असा जाणे ही हवामानाची लहर म्हणता येईल. मात्र १९७९ पासूनच्या नोंदींत आर्क्टिकचा मार्चमधील, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीस सर्वाधिक पसरलेला, बर्फही घटतच चालला आहे, आणि त्याचे मुख्य कारण तापत चाललेले वातावरण आणि समुद्र हेच आहे. किनाऱ्यालगतच्या बर्फावरून शिकारीला जाणाऱ्या तिथल्या लोकांची मला म्हणूनच मनापासून काळजी वाटते.