पान पाहून वाढणं

गजानन महाराजांच्या प्रकट दिनाच्या भंडाऱ्यात आमच्या गावात वाढायला माणसं कधीच कमी पडत नाहीत, उलट जास्तच होतात. एका बादलीला दोघं दोघं धरलेले, मीठवाला वेगळा, पाणीवाला वेगळा, आणि एरवी जो पोट्टा घरी स्वतःचं ताट उचलून ठेवत नाही तो इथं उष्ट्या पत्रावळी गोळा करून ट्रॉलीत टाकत असतो, तेही हसत हसत. "माउली, पोळी घ्या. माउली, वरण वाढू का?" गावातले कितीतरी जण शेगावलाही सेवेला जातात. नंबर लागला की सोयाबीनची सोंगणी अडली तरी जातात, तिथं चपला सांभाळतात, फरशी पुसतात, दर्शनबारीत उभं राहून दिवसभर तेच ते "पुढं चला माउली" म्हणतात आणि आवाज जरासुद्धा चढत नाही. शेगावची स्वच्छता लोक लांबलांबून येऊन वाखाणतात, ती ह्याच हातांची आहे. ह्यात ढोंग बिंग काही नाही हं, अगदी मनापासून करतात.

मग तोच माणूस घरी येऊन चहा थंड का म्हणून एवढा का भडकतो?

मला वाटतं अनोळखी माणसाची सेवा सोपी असते, कारण त्याच्याशी आपला मागचा काही हिशोब नसतो. दर्शनबारीतल्या आजीनं आपल्याला लग्नात मानपान कमी केलेला नसतो, बांधावरून भांडण केलेलं नसतं. घरातल्या प्रत्येकाचं खातं मात्र उघडं असतं, आई पाणी मागते तेव्हा पाण्यासोबत धाकट्याला जास्त दिलेलं शेतही आठवतं. आणि तिथली सेवा ठरल्या दिवशी संपते, प्रसाद घेऊन माणूस परत येतो. घरची संपतच नाही, आणि ती कोणी पाहतही नाही.

बायकांचं तर विचारूच नका. बाईनं पहाटे उठून सगळ्यांचे डबे करून सासूचे पाय चेपून मग निंदायला जाणं, ह्याला सेवा कोणी म्हणतच नाही, ते तिचं कामच. सप्ताहात मायबापाच्या सेवेचा विषय निघाला की कीर्तनकार महाराजांची मान आपोआप बायकांच्या बाजूला वळते, मी दरवर्षी पाहते. अहो, मायबाप ज्यांचे ते इकडं पुरुषांच्या बाजूला बसलेत की!

आमच्याच भागातले गाडगेबाबा घ्या. २३ फेब्रुवारी १८७६ ला अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात जन्मले, आणि गंमत बघा, गजानन महाराज शेगावात प्रकट झाले ती तारीखही २३ फेब्रुवारीच, साल १८७८. बाबांनी १९०५ मध्ये घर सोडलं आणि पुढं आयुष्यभर गावंच्या गावं झाडली, धर्मशाळा बांधल्या. बाबांचा मोठेपणा सांगायला मी कोण. पण त्यांचं नाव घेताना मला दर वेळी त्यांच्या पत्नी कुंताबाई आठवतात, मागं पोरं घेऊन राहिलेल्या. बाबांसारखं घर सोडून जगाचं होणं एखाद्यालाच जमतं, शोभतं. आपण बाकीचे घरातच राहणार, जे काय करायचं ते ह्याच चार भिंतीत, ह्याच माणसांसोबत, आणि ते मला तरी जास्त अवघड वाटतं.

आमच्या गावात एक काकाजी होते, आता नाहीत. पंगतीत वरण वाढायचं काम वर्षानुवर्षं त्यांचंच. बाकीचे वाढणारे कसे, उभ्या उभ्या "वरण वरण वरण" ओरडत रेल्वेसारखे जातात, तुम्ही हात आडवा करेपर्यंत ओगराळं पालथं झालेलं असतं. काकाजी प्रत्येक पानापाशी वाकायचे. भात कोरडा दिसला की वरण, नाहीतर पुढं. दात नसलेल्या म्हातारीची पोळी तशीच पडलेली दिसली की तिथंच बसून कुस्करायचे, वर वरण ओतायचे आणि जरा दाबून भिजवून द्यायचे, तोंडानं एक शब्द नाही. लेकरांना अर्धंच. आग्रह तर कधीच नाही. आम्हा पोरींना एकदा बादली दिली तेव्हा म्हणाले होते, "तोंडाकडं पाह्यलं का मानूस लाजते वो, पानाकडं पाहा."

हे असं थांबून पाहणं मला सगळ्यात मोठं वाटतं. गजानन महाराज प्रकट झाले त्या शेगावच्या कथेतही तेच आहे ना. देविदास पातुरकरांच्या घराबाहेर फेकलेल्या पत्रावळींवरची शितं कोणीतरी वेचून खातंय, येणारे-जाणारे पाहत असतील आणि येडा समजून जात असतील. बंकटलाल नावाचे गृहस्थ थांबले, निरखून पाहिलं, भूक असेल तर जेवणाची सोय करतो म्हणून विचारलं. गोष्ट तिथूनच सुरू होते.

घरात आपण पाहत नाही, कारण आपल्याला वाटतं आपल्याला माहीतच आहे. ओळखीत एका घरी मुलानं वडिलांना भारीतला पलंग आणला, वर-खाली होणारा, समोर टीव्ही लावला, "बाबा, आता तुम्ही फक्त आराम करा." चांगलाच मुलगा, नावं ठेवायला जागा नाही. पण म्हाताऱ्याला पाहिजे काय होतं, तर तुरीला फूल लागलं का ते बघायला कोणीतरी फटफटीवर मागं बसवून वावरात न्यावं. एवढंच. ते कोणाच्या लक्षात येईना, आणि म्हातारा बोलेना, एवढ्या खर्चानंतर तोंड कसं उघडणार बिचारा!

सेवेच्या नावाखाली आपण माणसाला निकामी करून ठेवतो की काय, असं कधी कधी वाटतं. सेवाग्रामला परचुरे शास्त्री राहायला आले होते, संस्कृतचे पंडित, महारोग झालेला, तेव्हा जवळ कोणी उभं करत नसे. गांधीजी स्वतः त्यांच्या जखमा धुवायचे, मालिश करायचे, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. मला त्यापुढचं जास्त आवडतं, त्यांना नुसतं झोपडीत पडून राहू दिलं नाही, त्यांच्या विद्येला तिथं मान होता, आश्रमातल्या लग्नात पुरोहित म्हणूनही बसवलं. म्हणजे ज्याची सेवा करायची त्यालाही कोणासाठी तरी काही करू द्यायचं.

आमचे मामंजी दिवसभर ओसरीत कुरकुरत असायचे, मग तुरीच्या शेंगा त्यांच्यापुढं ठेवायला लागले. आता सोलता सोलता तोंड चालूच असतं, शेजारच्यांनी डवरणी कधी करायला पाहिजे होती, पाटलाची विहीर कशी चुकली. कुरकुर आहेच, पण आता ती जगाबद्दल असते, आमच्याबद्दल नसते. दाणे थोडे आमटीत जातात, थोडे त्यांच्या नातवाच्या खिशात.

फोनवरच्या माणसाचंही तसंच. लांब दिलेली नणंद तीच ती गोष्ट चौथ्यांदा सांगते तेव्हा तिला उपाय नको असतो. नुसतं "हो का, मग?" म्हणत राहायचं, एकीकडं भाकरी थापत राहिली तरी चालतं.

शेजारच्या वहिनींनी मात्र ह्या सगळ्यावर माझ्यासारखा विचार बिचार केला नाही. भाऊजी पिशवी भरून सेवेला निघाले होते, अंगात पांढरे कपडे, तर ह्या दारातच उभ्या. "काहो, तिथं जसा नंबर लावता तसा एक घरीबी लावा ना."

"घरी कायचा नंबर?"

"सकाळच्या चहाचा. मी बी माउलीच होय ना?"

भाऊजी काही बोलले नाहीत, बस निघायची होती. पण आल्यापासून सकाळचा चहा ते करतात, खरंच करतात, आणि पारावर रोज एकाला तरी सांगतात की मी करतो बरं का. वहिनींना विचारलं तर म्हणे, "सांगू दे ना वो, सांगितल्याशिवाय पचत नाही त्याईले. साखर लई टाकतात, तेवढं मी बंद करते आता."