कोळशाच्या खाणीतून लिस्बनपर्यंत

पावसाळ्यात बेळगावच्या कॅम्प भागात चिखलाने माखून फुटबॉल खेळणारी मुले पाहिली, की मला जॉक स्टीन आठवतात. स्कॉटलंडमधील लॅनार्कशायरचा हा कोळसा खाणकामगार अल्बियन रोव्हर्सकडून बचावपटू म्हणून खेळला, वेल्समधील लानेल्ली या छोट्या क्लबात गेला आणि १९५१ मध्ये ग्लासगोच्या सेल्टिक क्लबने बोलावल्यावर तेथे कर्णधार होऊन १९५४ मध्ये लीग व चषक ही दोन्ही विजेतेपदे घेऊन आला. घोट्याच्या दुखापतीने खेळ थांबला; माझ्या मते त्यांची खरी कारकीर्द तेथूनच सुरू झाली.

व्यवस्थापक म्हणून त्यांनी १९६१ मध्ये डन्फर्मलिनला स्कॉटिश चषक मिळवून दिला, तोही सेल्टिकलाच हरवून! १९६५ मध्ये ते सेल्टिकचे व्यवस्थापक झाले. २५ मे १९६७ रोजी लिस्बनमध्ये त्यांच्या संघाने बचावासाठी ख्यात असलेल्या इंटर मिलानला २–१ असे नमवून युरोपियन चषक जिंकला, आणि त्या संघातील सर्व खेळाडू ग्लासगोपासून सुमारे तीस मैलांच्या परिसरात जन्मलेले होते. तीस मैल म्हणजे बेळगावहून जेमतेम संकेश्वर! पुढे सलग नऊ लीग विजेतेपदे पूर्ण झाली. १० सप्टेंबर १९८५ रोजी, स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघाचे व्यवस्थापक असताना, कार्डिफमध्ये वेल्सविरुद्धचा सामना संपत असतानाच ते कोसळले आणि तेथेच त्यांचे निधन झाले.