उंच माणसाची पहिली सायकल

आज इंदूरला भाच्यासाठी सायकल बघितली. उंची ६ फूट २ इंच, सायकल पहिलीच. दुकानदार सीट वर ओढून मीडियम फ्रेमच देत होता. मी साफ नाही म्हटलं. सीट चढवली की पायांना जागा मिळते, पण फ्रेमची लांबी तेवढीच राहते. पाठ आणि खांदे आखडतात. पहिल्याच महिन्यात अंग दुखलं तर पोरगं सायकल सोडून देईल, मला त्याचीच काळजी.

घरी भिंतीला पाठ टेकवून, मांड्यांमध्ये पुस्तक धरून पायांचं आतलं माप घेतलं होतं: ९० सेंटिमीटर. गुणिले ०.६६, म्हणजे रोड सायकलची फ्रेम साधारण ५९ सेंटिमीटर. हायब्रिडला, म्हणजे रोड आणि माउंटन सायकलच्या मधल्या प्रकाराला, बहुतेक एक्सएल. उभं राहिल्यावर दांडीवर दोन-तीन बोटं जागा हवीच.

एक्सएल मागवली आहे. आली की इथल्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावर चालवून बघू, मगच पैसे.